उघडीप मिळेल तशी

कोकणात हिवाळा कोरडाच असायचा, असं आपण धरून चालतो. भात कापून घरात आलं, गवत माळ्यावर चढलं की मृगापर्यंत आभाळाकडे बघायचं ते फक्त दव किती पडलं हे कळायला. २०२१चा हिवाळा या हिशेबात बसला नाही. नोव्हेंबरभर अरबी समुद्रात काही ना काही शिजत होतं, आणि १ डिसेंबरला आषाढातल्यासारखा पाऊस लागला. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं होतं. त्यातून सावरतो न सावरतो तो हे. त्यात एसटीचा संप. तालुक्याच्या गावाला जायचं तर स्वतःची गाडी, नाहीतर कुणाची तरी वाट बघायची.

आमची जागा देवगड तालुक्यात, पण समुद्राकडची नव्हे, आतल्या अंगाची. साठ गुंठे. वर कातळाचा सडा, मधे उतार, खाली व्हाळ आणि त्याच्या काठाला भाताचे तीन कुणगे. उतारावर सासऱ्यांनी लावलेली हापूसची नऊ कलमं, त्याच वर्षीच्या जूनमधे आम्ही लावलेली चाळीसेक काजूची, एक मांगर, एक गाय, तिची पाडी आणि कोंबड्या. पहिल्या टाळेबंदीत मुंबईहून आलो ते इथेच राहिलो. जमीन तेव्हा बरीच वर्षं पडीक होती. करवंदीची जाळी आणि रानमोडी इतकी माजली होती की व्हाळ नुसता ऐकू यायचा, दिसायचा नाही. लोकांना वाटतं शेती शून्यातून उभी करायची असते. आमची शून्याच्याही बरीच खालून सुरू झाली.

तर त्या हिवाळ्यातला हा एक शुक्रवार, ३ डिसेंबरचा.

पहाटे साडेपाच

पाऊस थांबलेला, पण पागोळ्या चालू. गोठ्यात गेले तर गाय उभी आणि पाडी कोरड्या कोपऱ्यात अंग मुडपून बसलेली. आमची गाय कोकण कपिला जातीची. बुटकी, तांबूस, पायाला चिवट. या जातीला राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे, २०१८ साली. त्याआधी तिला सगळे ‘गावठी’ म्हणायचे, आणि आमच्या सासूबाई अजूनही तेच म्हणतात. दूध सकाळ-संध्याकाळ मिळून दोन लिटरच्या आसपास. डेअरीच्या माणसाला यात काही दम वाटत नाही. पण ही गाय उतारावर चरते, आजारी पडत नाही आणि शेण घालते. आम्हाला दुधाइतकंच शेण हवं आहे.

पहाटेचं खरं काम गवत निवडण्याचं. परवाच्या पावसात माळ्याच्या एका कोपऱ्यातून गळती लागली आणि तिथल्या भाताच्या पेंढ्या भिजल्या. भिजलेली पेंढी आत हात घालून बघायची. नुसती ओली असेल तर पडवीत पसरायची. आतून गरम लागली आणि वास आंबूस आला, तर ती गाईसमोर टाकायची नाही. पांढरी बुरशी दिसायच्या आधी वास येतो. अशा पेंढ्या बाजूला काढल्या. त्या काजूच्या आळ्यांत जातील. गवत कमी पडणार हे उघड आहे, एप्रिलमधे विकत घ्यावं लागेल.

सात

उजाडल्यावर पहिली धाव खालच्या कुणग्यांकडे. भात निघाल्यावर त्यांत कुळीथ पेरला होता. कुळथाला कोकणात कुणी लाडात वाढवत नाही. एक नांगरट, वर बी फेकायचं, खत नाही, पाणी नाही. जमिनीतली उरलेली ओल आणि रात्रीचं दव एवढ्यावर तो फेब्रुवारीपर्यंत उभा राहतो. त्याला नको असतं ते साचलेलं पाणी, आणि आज नेमकं तेच होतं. दोन कुणग्यांत रोपं निम्मी पाण्याखाली. तिसऱ्यात फक्त चिखल.

घरून निघताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, “कुळीथ बुडलो म्हणान रडान काय जातला? आधी पाणी काड.”

पाणी काढायचं म्हणजे मेर कुठेही फोडायची नाही. भातासाठी बांधलेली मेर जूनमधे पुन्हा उभी करायला लागते आणि ते काम कंबरेचं आहे. म्हणून कुणग्याचा सगळ्यात खोल कोपरा शोधायचा. तो डोळ्याला कळत नाही, पाण्यावर तरंगणारा पातेरा जिकडे गोळा होतो तो कोपरा खोल. तिथे खोऱ्याने वीतभर रुंद तोंड पाडलं. पाणी लगेच धावलं, पण गढूळ. याचा अर्थ मातीही निघाली. मग तोंडावर चार दगड आडवे टाकले आणि त्यामागे भिजक्या पेंढीचा बोळा दाबला. पाणी निवळ झालं, वेग कमी झाला. आता कुणग्याच्या मधून एक उथळ चर ओढायचा, रोपं तुडवायची नाहीत. मी उलटी चालत खोरं ओढत आले. पायाखाली चिखल इतका मऊ की दर पावलाला टाच आत जात होती आणि प्रत्येक खड्ड्यात पाणी भरत होतं.

कुळथाचं पान पाण्यात एक दिवस राहिलं तर सावरतं, दोन दिवसांत पिवळं पडतं. वरच्या कडेची रोपं तरतरीत होती. मधली कशी निघतात ते आठवड्यानं कळेल. पिठीपुरता कुळीथ झाला तरी घरची वर्षाची पिठी सुटते. विकायचा विचार तेव्हाच सोडून दिला.

नवरा याच वेळी व्हाळावर. नोव्हेंबरात वाडीतल्या सगळ्यांनी मिळून बंधारा घातला होता, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून. गोण्यांच्या दोन रांगा, मधे चिकणमाती, आणि वीट बांधताना जशी सांध्यावर वीट येते तशी वरची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर. वनराई बंधारा म्हणतात तो हाच. साधारणपणे दिवाळीनंतर घालतात, कारण त्यानंतर पूर येत नाही असा भरवसा असतो. यंदा पूर आला आणि मधल्या सहा-सात गोण्या घेऊन गेला. आज चार माणसं तिथे दाभण आणि सुतळी घेऊन गोण्या शिवत बसली होती. पाणी पूर्ण ओसरल्याशिवाय मधली फट बुजवायची नाही, असं ठरलं. नाहीतर कडा जातील.

नऊ

कलमांकडे जायला मन तयार नसतं, तरी जावंच लागतं.

हापूसला मोहोर यायला दोन गोष्टी लागतात: रात्रीची थंडी आणि जमिनीला बसलेला ताण. पावसाळ्यात आलेली पालवी जून झाली, ऑक्टोबरच्या उन्हात जमीन सुकली आणि मग गारवा पडला की काडीच्या टोकाला बोंगा फुगतो. यंदा जमीन सुकलीच नाही. ओल मिळाली की झाडाला वाटतं अजून वाढीचे दिवस आहेत, आणि जिथे मोहोर यायचा तिथे तांबूस पालवी येते. नऊपैकी पाच कलमं तशी लाल झालेली. दुरून इतकी सुंदर दिसतात की शहरातून आलेला माणूस फोटो काढतो. इथला माणूस मान फिरवतो.

उरलेल्या चारांपैकी दोनांना नोव्हेंबरात थोडा मोहोर आला होता. त्याचं काय झालं ते बघायला मी एक पांढरा कागद नेते. मोहोराचा तुरा हलकेच वाकवायचा, खाली कागद धरायचा आणि दांडीवर बोटाने दोन टिचक्या मारायच्या. खाली काय पडतं ते बघायचं. सुकी फुलं पडली, काळपट, ओलसर, बोटाला चिकटणारी. त्यांच्यामधे पाचरीच्या आकाराचे करडे तुडतुडे, तिरके चालणारे. आणखी बारीक, डोळे ताणले तरच दिसणारे पिवळट ठिपके हलतात ते फुलकिडे. तुडतुडे रस शोषतात आणि गोड चिकटा टाकतात, चिकट्यावर काळी बुरशी चढते. पाऊस आणि मळभ असलं की वर करपा आणि भुरी येतात ते वेगळेच. एका तुऱ्यावर हे सगळं एकदम बघायला मिळणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. मला ती नको होती.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक मांगराच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. त्यात पालवी, बोंगे, फुलोरा, कणी अशा अवस्थांप्रमाणे औषधं दिली आहेत. अडचण अशी की यंदा एकाच झाडावर तीन अवस्था आहेत. एका बाजूला बोंगे, दुसरीकडे कोवळी पालवी, तिसरीकडे कुजलेला मोहोर. कुठली रांग वाचायची?

“आज फवारूक जाव नको गो,” सासूबाई खालून ओरडल्या. “मळब काय जावचा नाय.”

वारा दक्षिणेकडचा होता, पानं टपटपत होती. ओल्या पानावर औषध टिकत नाही, आणि मारून दोन तासांत सर आली तर पैसे व्हाळात. मोठे बागायतदार अशा वेळी दोनदा-तीनदा फवारतात. त्यांची कलमं शेकड्यांनी असतात, मुंबईच्या दलालाची उचल घेतलेली असते, थांबणं त्यांना परवडत नाही. आम्हाला परवडतं, कारण आम्ही या नऊ कलमांच्या पैशावर काहीच उभं केलेलं नाही. २०१८मधे कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वाटलं होतं की आता आंबा म्हणजे खात्रीचं उत्पन्न. मानांकन नावाला राखतं, मोहोराला नाही. लहान जागेत आंब्याला मुख्य पीक धरू नये, असं माझं मत तेव्हा पक्कं झालं. आला तर वरकड.

साडेदहा

पेज. उकड्या तांदळाची, सोबत भाजलेला सुका बांगडा आणि लोणच्याची फोड. ओल्या कपड्यांनी पडवीत बसून गरम पेज पिणं, याहून जास्त मला या वेळेबद्दल काही सांगायचं नाही.

अकरा

आता दिवसाचं मुख्य काम: गडगा, म्हणजे दगड रचून घातलेलं कुंपण.

पडीक जमिनीला कुंपण नसतं, आणि कुंपण नसलेल्या जमिनीत काजू लावणं म्हणजे गावच्या गुरांना वाढणं. तारेचं कुंपण महाग, शिवाय खारट वाऱ्यावर काही वर्षांत गंजतं. दगड मात्र आमच्याकडे उदंड. जमीन साफ करताना प्रत्येक फुटाला जांभ्याचा एक धोंडा निघतो. तेव्हा वरच्या सड्याकडची बाजू गडग्याने बंद करायची ठरली. एका दमात नव्हे, जसा वेळ मिळेल तसा.

पावसाळी दिवसाचा इथे उपयोग होतो. जांभ्याची जमीन सुकली की दगड तिच्यात सांधल्यासारखा बसतो. मे महिन्यात तोच दगड काढायला पहारीचे वीस घाव घालावे लागतात. ओली झाली की जमीन दगड सोडते. पहार बुडाशी घालायची, खाली एक लहान दगड टेकू म्हणून ठेवायचा आणि अंगाचा भार द्यायचा. ‘चप्’ असा आवाज होतो आणि धोंडा वर येतो, पोटाला लाल चिखल घेऊन. गेल्या दोन दिवसांत असे इतके दगड निघाले की नेहमीच्या हिवाळ्यात महिना गेला असता. त्या हिवाळ्यात आंबा गेला, गवत गेलं, पण गडगा पुढे सरकला तो या पावसामुळेच.

वरच्या वाडीतले काका रोजाने येतात. सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर गडगे घातलेले. मी त्यांना दगड देते, ते बसवतात. कधी मला बसवू देतात आणि मग न बोलता काढून पुन्हा बसवतात.

पायाला आधी वरची भुसभुशीत माती काढायची, खाली कठीण लागेपर्यंत. मग सगळ्यात मोठे धोंडे तळाला, दोन ओळींत, मधे हातभर जागा. त्या जागेत बारीक चिपा ठोकून भरायच्या. माती भरायची नाही, माती पावसात वाहून गेली की गडगा पोटातून पोकळ होतो. वर जाताना दोन्ही ओळी किंचित आत झुकत्या, म्हणजे रुंदी कमी होत जाते. आणि दर दोन-अडीच हातांवर एक लांब दगड आडवा, दोन्ही ओळींना धरणारा. काकांचं सगळं लक्ष त्या लांब दगडांवर. चांगला लांब दगड दिसला की ते तो लगेच वापरत नाहीत, बाजूला ठेवून देतात. त्यांच्या मागे असे राखून ठेवलेले पाच-सहा असतातच.

“दगडाक तोंड आसता,” ते मला पुन्हा सांगतात. “ता भायर ठेवचा.”

मी एक चौकोनी दगड उचलून दिला. त्यांनी तो हातात फिरवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा उलटा केला आणि सपाट बाजू आत टाकून खडबडीत बाजू बाहेर बसवली. मी विचारलं, काका, तोंड तर आत गेलं? त्यांनी खडबडीत बाजूच्या वरची कड दाखवली. ती कड पाणी बाहेर टाकणारी होती. वर-खालच्या बाजू नीट टेकल्या म्हणून दगड हलत नव्हता. मी पायाने दाबून बघितलं, खरंच हलत नव्हता.

साडेअकराला सर आली. मी मांगराकडे निघाले, काका तिथेच.

“काका, भिजाल.”

“भिजलंय तर भिजलंय. दगड भिजलो म्हणान फुगना नाय.”

डोक्यावरून घ्यायची इरली आता कुणी वापरत नाही. त्यांनी डोक्यावर खताची गोणी कोपऱ्यात कोपरा घालून घेतली आणि चिपा ठोकत राहिले. मग मीही परत गेले. पावसात दगड लावताना एक गोष्ट उघड दिसते, ती उन्हात दिसत नाही. सड्यावरचं पाणी गडग्यापाशी येतं, क्षणभर थबकतं आणि दगडांच्या फटींतून हळू होऊन पुढे जातं. सोबत आणलेला पाला आणि गाळ वरच्या बाजूला टाकून जातं. चुना-सिमेंटची भिंत असती तर पाण्याने ती एक तर ढकलली असती किंवा कडेने नवा ओहोळ पाडला असता. गडग्याच्या वरच्या बाजूला आत्ताच चार बोटं गाळ साठला आहे. तिथे पुढच्या जूनमधे मिरीचे वेल चढवायला पांगारे लावता येतील. या कातळावर माती विकत आणून टाकणारे लोक आहेत. आम्हाला ती फुकट येऊन पडते, फक्त वेळ लागतो.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत काय झालं म्हणाल, तर चार हात लांबी आणि कंबरेइतकी उंची. कुणाला सांगितलं तर हसतील.

दीड

जेवण. वीज सकाळपासून नाही, त्यामुळे विहिरीवरचा पंप बंद, पाणी रहाटाने. नवरा बंधाऱ्यावरून परतला. फट अजून बुजवलेली नाही, उद्या बघू. सासूबाई पडवीत मिरचीच्या रोपांची जुळवाजुळव करत बसल्या आहेत. ढगाळ हवेत लावलेलं रोप माना टाकत नाही, म्हणून वांगी आणि मिरची आज संध्याकाळी वाफ्यावर जाणार. मुळा आणि लाल माठ आधीच वर आलेत, पण माठाची पानं पावसाच्या माराने चिखलाने माखली आहेत.

अडीच

कागद. शेतीतलं हे काम कुणी फोटोत दाखवत नाही.

सातबारावर सासऱ्यांबरोबर त्यांचे भाऊ, चुलतभाऊ आणि त्यांतल्या काहींच्या वारसांची नावं आहेत. कोकणात हे घरोघरी. जमीन वहिवाटीने वाटलेली असते, कागदावर नसते. महाराष्ट्रात रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड सुरू झाली ती १९९०मधे. आज कोकणाच्या उतारांवर दिसणारा काजू आणि आंबा बराचसा तिचाच. २०१८पासून भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची योजना आहे, तिच्यात कोकणासाठी किमान दहा गुंठ्यांची अट ठेवली, म्हणून आमच्यासारख्यांना तिच्यात शिरता येतं. अनुदान तीन वर्षांत, ५०, ३० आणि २० टक्के असं, आणि पुढचे हप्ते झाडं जगली तरच. पण सामायिक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती लागते.

म्हणून आज बोरिवलीच्या काकांना फोन. त्यांची सही पाहिजे. ते माणूस चांगले. आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली, मग पाऊस, मग आंबा यंदा कसा, मग सही. “आम्ही मे महिन्यात येतोच, तेव्हा करू,” म्हणाले. मे म्हणजे पाच-सहा महिने. संमतीपत्र पोस्टाने पाठवू का, असं मी विचारलं. ते जरा थांबले, मग म्हणाले, “अगं, सही केली म्हणजे आमचा हिस्सा जाईल असं नाही ना?” नाही जात, काका. हे मी वेगवेगळ्या नातेवाइकांना वेगवेगळ्या शब्दांत सांगत असते. त्यांचा संशय मला रास्त वाटतो. कोकणात सहीमुळे जमिनी गेल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. शेवटी असं ठरलं की मजकूर आधी व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, त्यांचा मुलगा वाचेल, मग बघू. आपल्याच शेतात झाडं लावायला इतक्या लोकांना विचारावं लागतं याचा मला पूर्वी राग यायचा. आता मी ते गडग्याच्या कामातच धरते.

साडेतीन

काजूची फेरी. सात-सात मीटरवर लावलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ची कलमं, अजून गुडघ्याइतकी. लहान कलमाजवळ गेल्यावर पहिल्यांदा जोडाकडे बघायचं. जोडाच्या खाली खुंटावर फूट आलेली असते, तुकतुकीत, जोमदार, वरच्या डोळ्यापेक्षा भराभर वाढणारी. नवख्याला वाटतं झाड छान फुटलंय. ती फूट ठेवली तर कलम मरतं आणि हाती रानटी काजू राहतो. ओल्या हवेत अशी फूट जास्त. नखानेच खुडते, अगदी बुडापासून, नाहीतर एका जागी दोन येतात.

दोन कलमांची शेंड्याकडची पानं काळपटून मुरडलेली. ढेकण्या. हा किडा ढगाळ हवेत कोवळ्या फुटीवर येतो, टोचतो, आणि टोचलेल्या जागी काळा डाग पडून शेंडा वाळतो. दोनच झाडांवर होता, शेंडे कापून जाळायला घेतले. मग सकाळच्या आंबलेल्या पेंढ्या आळ्यांत पसरल्या, खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकवल्या की वाळवी चढते. काठ्यांचे सैल झालेले बंध पुन्हा आवळले. चाळीसपैकी तीन गेली आहेत. ती जूनमधे सांधायची.

लाल तोंडाची माकडं याच वेळेला उतरतात. आज आली ती तौक्तेत पडलेल्या कलमाच्या बुंध्यावर ओळीने बसली. त्या कलमाचं लाकूड अजून तसंच आहे, फांद्यांचं सरपण झालं, बुंध्याच्या फळ्या काढून कोंबड्यांच्या खुराड्याला घ्यायच्या होत्या. कुत्रा भुंकला, माकडांनी त्याच्याकडे बघितलं आणि बसून राहिली. मी हाकललं नाही, काजूत तेव्हा त्यांना खाण्यासारखं काही नव्हतं.

साडेपाच

वांगी-मिरचीची रोपं लावली. कोंबड्या खुराड्यात घेतल्या, मुंगसाचा वावर आहे म्हणून दाराला खालून दगड. गाय आली ती स्वतःहून, पाडी तिच्या मागे. या दिवसांत अंधार झपकन पडतो, त्यात वीज नाही.

रात्री आठ

कंदिलापाशी वही. मी पैशाचा हिशेब वेगळा लिहिते आणि जमिनीचा वेगळा. पैशाच्या पानावर आज काकांची मजुरी एवढंच. जमिनीच्या पानावर काय गेलं आणि काय आलं: कुळथाचं पाणी काढलं, काही माती गेली, गडगा चार हात, गाळ चार बोटं, भिजकं गवत आळ्यांत, तीन कलमं सांधायची, खुंटावरची फूट बहुतेक झाडांना. नवरा म्हणतो हे लिहून काय होतं. मागच्या वर्षीच्या पानांवर त्याच महिन्यात ‘पाट कोरडा’ असं लिहिलेलं आहे, आणि त्यावरून त्यानेच नोव्हेंबरात पंपाचा पाइप वीस फूट लांब घेतला होता. हे मी बोलून दाखवलं नाही.

परवा देवदिवाळी, पण आजची चर्चा गाईच्या पेंडीची. पोतं संपत आलंय आणि एसटी नाही. तळेबाजारहून रिक्षा करायची तर भाडंच पोत्याच्या अंगावर येतं. सासूबाईंनी यावर दुपारीच तोडगा काढून ठेवला होता: शेजारच्यांना दोन पोती हवीत, वरच्या वाडीतल्या काकांच्या सुनेला दवाखान्यात जायचंय, आणि येताना रिक्षात सिमेंटच्या रिकाम्या गोण्याही बसतात, बंधाऱ्याला लागतीलच. भाडं तिघांत. सकाळी सातला रिक्षा यायची, म्हणजे धारा साडेपाचऐवजी पाचला.